रंगूबाईच्या काड्या

पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांमध्ये घरापुढे फुलझाड म्हणून तुळस असते, झेंडू असतो, फार तर एखादी जास्वंद. गुलाब कोणी लावत नाही. पावसात त्याची पानं काळी पडून गळतात आणि उन्हाळ्यात माणसांनाच पाणी पुरत नाही, तिथे गुलाबाला कोण घालणार. पिंपळमाचीत मात्र एका घरापुढे गुलाब होता. त्या घराला सगळे गुलाबवालीचं घर म्हणत. रंगूबाईचं घर ते.

मी त्या वाडीच्या शाळेवर बरीच वर्षं होतो. सव्वीस जानेवारीच्या सकाळी रंगूबाईचा हर्षद पळसाच्या पानांच्या द्रोणात गुलाब घेऊन यायचा. फिकट गुलाबी, लहान, पाकळ्यांनी गच्च भरलेली गावठी फुलं. वर्गात ठेवली की दुपारपर्यंत वास राहायचा. हर्षद हुशार नव्हता, पण सांगितलेलं काम विसरायचा नाही. आईने द्रोण आडवा करू नको म्हटलेलं असायचं, म्हणून तो डोंगराची वाट दोन्ही हात पुढे धरून उतरायचा आणि शाळेत आल्यावरही कोणी द्रोण घेईपर्यंत तसाच उभा राहायचा.

रंगूबाई मूळची नाते गावची. लग्न होऊन डोंगरावर आली तेव्हा तिच्या आईने ओटीत तांदूळ-नारळासोबत ओल्या फडक्यात गुंडाळलेली गुलाबाची काडी घातली होती. त्यांच्या घरातली तशी रीतच. मुलगी सासरी निघाली की अंगणातल्या गुलाबाची काडी तिच्याबरोबर जायची. आईला तिच्या आईने दिलेली, तिला तिच्या. रंगूबाईने ती काडी घरामागून झऱ्याचं पाणी जायचं त्या पाटाच्या कडेला खोचली आणि ती लागली. रंगूबाईला मुलगी झाली नाही. हर्षद एकटाच. नवरा हर्षद लहान असतानाच गेला.

तळीयेवर दरड कोसळली त्याच पावसात पिंपळमाचीच्या कडेचीही दरड खाली आली. ही लहान होती. गोठा गेला, दोन बैल गेले आणि बैल सोडायला गेलेला हर्षद गेला. तळीयेचं सगळीकडे कळलं, कळायलाच हवं होतं. तिथे घरंच्या घरं गेली होती. पिंपळमाचीत माणूस एक. समाचाराला येणारे रंगूबाईच्या ओट्यावर बसून तिला तळीयेचंच सांगायचे. ती ऐकून घ्यायची, मधूनच मान हलवायची.

ती रडली नाही. बाया म्हणाल्या, हिला रडवा, नाहीतर छातीत बसेल. शेजारची ठकूबाई पुढे झाली. ठकूबाईचा आवाज पलीकडच्या डोंगरापर्यंत जातो. तिने रंगूबाईचे खांदे हलवून हर्षदच्या नावाने हंबरडा फोडला. रंगूबाई तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "दावं नवं होतं गो. नव्या दाव्याची गाठ लवकर सुटत नाय."

मग पदर सारखा करून ती चुलीकडे गेली.

पुढे वाडी धोक्याची ठरली आणि सगळ्यांना खाली, डांबरी रस्त्याजवळच्या माळावर घरं मिळाली. घरं चांगली आहेत, सिमेंटची, ओळीने. माळावर झाड मात्र नाही. जमीन मुरमाची, तांबडी, आणि होळीनंतर दुपारी तिच्यावर अनवाणी पाय टेकवत नाही. उन्हाळ्यात टँकर येतो. वारा दिवसभर वाहतो आणि तो गरम असतो.

घरात रंगूबाई आणि तिची सून प्रियदर्शिनी, दोघीच. एवढं लांब नाव वाडीत कोणाला जमलं नाही; रंगूबाई तिला दर्शनी म्हणते. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा दर्शनी विधवा झाली. मूलबाळ नव्हतं, माहेरीही आई-वडील नव्हते, एक मावशी तेवढी. दोघींमध्ये भांडण नव्हतं, तशी मायाही दिसायची नाही. रंगूबाई पहाटे तिला "उठ गो" म्हणायची, ती उठायची, हंडे घेऊन दोघी टाकीवर जायच्या. मी गेलो की चहा यायचा. "कशा आहात?" विचारलं की रंगूबाई म्हणायची, "काय नाय." बरी आहे असंही नाही, वाईट आहे असंही नाही.

खाली आल्यावर पहिल्या थंडीत ती वर जुन्या अंगणात जाऊन गुलाबाच्या काड्या घेऊन आली. नव्या घराच्या भिंतीलगत लावल्या. सिमेंटची भिंत दिवसभर तापते आणि संध्याकाळनंतरही धग सोडत राहते. चैत्र संपायच्या आत काड्या काळ्या पडल्या. दुसऱ्या वर्षी तिने तेलाचे रिकामे डबे आणून त्यात माती भरली, वरून गोणपाटाची सावली बांधली. डबे तापून आतली माती भाजून निघाली. ठकूबाई येता-जाता थट्टा करायची, "काड्यांना पाळणा बांधलास गो! नाव कधी ठेवतेस?" रंगूबाई गोणपाट सरळ करत राहायची.

गेल्या पौषात ती पोलादपूरला माझ्या घरी आली. बाजाराची पिशवी दाराशी ठेवून खाली बसली. पाणी प्यायली आणि म्हणाली, "गुरुजी, तुमची वळख लय. दर्शनीला एखादं स्थळ बघा."

भावकीत काय बोलतील ते मला माहीत होतं आणि तिलाही माहीत असणार. मी विचारलं, "दर्शनीला विचारलंत?"

"इचारलं. नको म्हनाली. मग मी म्हनलं, मी मेल्यावर कुनाशी भांडशील? तवा हसली."

"आणि भावकी?"

"ते म्हनतात, सून गेली तर म्हातारीला पानी कोन आनंल. मी म्हनलं, हंडा माजाच हाय."

महाडजवळच्या कारखान्यात कामाला असलेला राजेंद्र माझ्या ओळखीचा. त्याची पहिली बायको आजारपणात गेलेली. चाळिशीच्या आतला, घर स्वतःचं, पुढे थोडं अंगण. माणूस सरळ, पण समोर बाईमाणूस आलं की त्याला शर्टाच्या बटणाशी चाळा करायची सवय. पाहणी झाली तेव्हा दर्शनी त्याला म्हणाली, "तुटंल ते." त्यावर तो हसला आणि ठरलं. वैशाखातली तारीख निघाली.

तारीख ठरल्यावर रंगूबाई मला म्हणाली, "तिला सून म्हनून नाय पाठवायची. लेक म्हनून पाठवायची. काडी द्यायची तिच्याबरूबर." तिने हे कांदे निवडताना सांगावं तसं सांगितलं. वैशाखात उघडी काडी नेऊन खोचली तर उन्हाने एका दिवसात जाते, हे तिला दोन उन्हाळ्यांनी शिकवलं होतं. म्हणून या वेळी काडीला आधी मुळं फुटायला हवी होती. मग मातीच्या गोळ्यासकट रोप दर्शनीच्या हातात देता आलं असतं. वैशाखाच्या आत, या माळावर.

माघात ती वर गेली. जुन्या अंगणातला झरा दरड आल्यापासून बाजूला वळला होता. पाटात पाणी नव्हतं. गुलाब खोडापर्यंत वाळलेला, एकाच फांदीला हिरवट साल उरलेली. माहेरी, नाते गावातही आता तो गुलाब नव्हता. तिच्या भावाने घर बांधताना अंगणात फरशी घातली होती. तिने ती एक फांदी कापून आणली आणि तिच्या सहा काड्या केल्या.

मी गेलो तेव्हा ती माळाच्या उतारावर, पाण्याच्या टाकीखाली बसलेली होती. टाकी थोडी झिरपते, म्हणून तिथल्या जमिनीत ओल धरते. त्या पट्ट्यात खालच्या खाचरांसाठी वाडीतल्या सगळ्यांचे राब होते, ओळीने. राब म्हणजे भाताचं, नाचणीचं रोप करायची जागा. पेरण्याआधी ती भाजतात. शेणी पसरायच्या, त्यावर झाडाच्या डहाळ्या, त्यावर पातेरा, म्हणजे सुकलेला पाला, आणि तो वाऱ्याने उडू नये म्हणून वरून मातीचा पातळ थर. मग एका बाजूने पेटवून द्यायचं. जमीन सावकाश भाजते, तण मरतं, रोप जोमाने येतं. आमच्याकडे उन्हाळाभर डोंगरावर जो धूर दिसतो तो राबांचा.

ओळीच्या टोकाला रंगूबाईने तिचा वाफा केला होता. शेणखत घालून काड्या तिरक्या खोचलेल्या, मधे दोन लहान मडकी गळ्यापर्यंत पुरलेली. मडक्यात संध्याकाळी पाणी भरायचं, ते रात्रभर पाझरत राहतं. उन्हासाठी वीतभर उंचीच्या बेचक्यांवर ऐनाच्या झाडाच्या डहाळ्या आडव्या टाकल्या होत्या, डहाळ्यांवर पातेरा. आणि माळावरचा वारा पातेरा ठेवीना, म्हणून वरून माती.

"चांगलं झालंय," मी म्हणालो.

"कुनाला बोलू नका. काडी धरेपर्यंत दाखवायची नाय, असं आई सांगायची."

मी बोललो नाही. दर्शनीही बोलली नाही. ठकूबाईने विचारलं, "औंदा काड्या नाय लावल्यास? शानी झालीस म्हन की." रंगूबाई हंडा उचलून चालू लागली.

रोज ऊन उतरलं की ती कळशी घेऊन टाकीखाली जायची. एका बाजूची डहाळी उचलून आत बघायची. होळीच्या सुमाराला काड्यांना तांबूस डोळे फुटले. एका काडीला तर ज्वारीच्या दाण्याएवढी कळी आली. रंगूबाईने ती नखाने खुडून टाकली. दर्शनी म्हणाली, "अहो आई, राहू द्यायची होती." रंगूबाई म्हणाली, "काडीला फुलवायची घाई झाली की मुळं धरत नाय." पुढेही दिसेल ती कळी ती खुडत राहिली.

गुढीपाडव्यानंतर दोघी लग्नाच्या साडीसाठी महाडला गेल्या. दिवस मोडला. परत आल्या तेव्हा टाकीखाली धूर होता.

ठकूबाई हातात पातेरा ओढायचं दाताळं घेऊन वर येत होती. तोंड काळं, पदर कमरेला खोचलेला, खूश. लांबूनच ओरडली, "तुजा पन भाजला गो! म्हनलं, दोघी घरात नाय, पोरगा नाय, कोन भाजनार. वारा बी बरा होता. एकदम चांगला भाजलाय बघ." मग जवळ येऊन म्हणाली, "पन मडकी कशाला पुरलीस त्यात? फाट करून फुटली, मी दचकले."

दर्शनीच्या हातातून पिशवी पडली. रंगूबाईने ती उचलली, झटकली. ठकूबाईला म्हणाली, "बरं केलंस. ये, चाय टाकते."

आणि तिने खरंच चहा टाकला. दर्शनीने रडत रडत ठकूबाईला सगळं सांगितलं. ठकूबाई ऐकता ऐकता दाराच्या पायरीवरच बसली. कपाळावर हात मारून घेतला, स्वतःला शिव्या दिल्या. "अगो, सांगायचं नाय? एक शब्द सांगायचा नाय?" असं पुनःपुन्हा म्हणत राहिली. रंगूबाईने कपबशी तिच्यासमोर ठेवली. "घे. निवंल."

मला दोन दिवसांनी कळलं. मी गेलो तर रंगूबाई मला टाकीखाली घेऊन गेली. राख बाजूला सारून तिने खुरप्याने एक काडी उचलली. वरचा भाग कोळसा झालेला. खालच्या टोकाला बारीक मुळं होती, दोऱ्यासारखी, करपून तांबडी पडलेली. तिने ती तळहातावर घेऊन मला दाखवली.

"धरली होती," ती म्हणाली.

मग तिने बाकीच्याही उकरून बघितल्या. सगळ्याच काड्यांना मुळं फुटलेली होती. तिने त्या ओळीने राखेत ठेवल्या, हात झटकले आणि माझ्याकडे बघून विचारलं, "ऊन लागतंय का तुमाला?"

दुसऱ्याच दिवशी ठकूबाई कोणाला न सांगता वर जुन्या वाडीत गेली. एवढ्या उन्हात, त्या चढणीला, गुडघे धरलेले असताना. गुलाबाचं अख्खं खोड मुळासकट खणून डोक्यावर घेऊन आली. रंगूबाईच्या अंगणात ते टाकलं आणि धापा टाकत म्हणाली, "बघ. यातून काय होईल तर बघ." रंगूबाईने खोड उलटं केलं. आत वाळवी होती. बोट लावलं तिथे माती गळली. "वरची मानसं खाली आली," रंगूबाई म्हणाली, "ह्याला बी आनलंस ते बरं झालं." तिने ते खोड चुलीजवळ नेऊन ठेवलं. जळण म्हणून ठेवलं की नुसतंच ठेवलं, ते मला सांगता येणार नाही.

महाडच्या रोपवाटिकेतून ठकूबाईने नंतर काळ्या पिशवीतला एक कलमी गुलाबही आणला. लाल, मोठ्या फुलाचा. रंगूबाईने तो घेतला, मोरीजवळ सावलीत ठेवला, पाणीही घातलं. पण दर्शनीबरोबर द्यायला म्हणून नाही. "हा तुजा हाय ठके. चांगला हाय. पन हा तुजा." ठकूबाई त्यावर काही बोलली नाही. ती गप्प बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

जाताना तिने खाली मान घालून विचारलं, "त्या भाजलेल्या जागेचं काय करू?"

"भाजलीच हाय तर पेर," रंगूबाई म्हणाली. "तुजी नाचनी टाक. माजी बी थोडी टाक."

वैशाखात लग्न झालं. देवळात, मोजकी माणसं. राजेंद्रने नवीन शर्ट घातला होता आणि त्याचं वरचं बटण सकाळीच तुटलं होतं, त्यावरून दर्शनीच्या मावशीने त्याला जेवताना पुरेसं छळलं. निघायची वेळ झाली तेव्हा रंगूबाईने ओटी भरली. भावकीतल्या एकीने विधवा बाईने ओटी भरावी का असं तोंडातल्या तोंडात म्हटलं. ठकूबाईने तिच्याकडे नुसतं वळून बघितलं, तेवढ्याने ती मागे सरकली. तांदूळ, नारळ, खण. रंगूबाईचा हात ओटीपाशी थोडा वेळ तसाच थांबला, अजून काही घालायचं राहिल्यासारखा. मग तिने तो मागे घेतला.

"काडी नाय जमली," ती म्हणाली.

"असू दे, आई."

"असू दे काय. माज्या आईनं दिली होती."

एवढंच. पण तिच्या तोंडून एवढंही मी गेल्या कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. दर्शनी रडायला लागली, ठकूबाई तर आधीपासूनच रडत होती. रंगूबाईचे डोळे कोरडे. ती राजेंद्रकडे वळली. "नागपंचमीला पाठवाल ना हिला? माहेरपनाला?"

राजेंद्रचा हात बटणाकडे गेला, बटण नव्हतं. "म्हणजे काय, आई," तो म्हणाला. "पाठवीन म्हणजे, मी स्वतः आणून सोडीन."

जीप गेल्यावर रंगूबाईने मांडवातली भांडी मोजून ज्याची त्याला परत दिली.

मधल्या महिन्यांत मी दोनदा गेलो. ती एकटीच पाणी आणत होती, एकटीच जेवत होती. "कशा आहात?" "काय नाय." पाऊस सुरू झाला तशी टाकीखालच्या त्या टोकाला नाचणी उगवली, दाट, हिरवीगार. ठकूबाई शेजारून जाताना त्या तुकड्याकडे बघायची नाही, सरळ पुढे बघत चालायची. लावणीला मात्र रोपं उपटायला दोघी बरोबर बसल्या. मुठी बांधून शेतात नेल्या.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी राजेंद्रने शब्द पाळला. दर्शनीला मोटारसायकलवर आणून सोडलं, चहा घेतला आणि पाऊस वाढायच्या आत परत गेला. दुसऱ्या दिवशी मी सहज तिकडे गेलो होतो. ओट्यावर रंगूबाई एकटीच बसून सुपात तांदूळ निवडत होती. घरात हालचाल नव्हती. मला वाटलं, दर्शनी कुठे बाहेर गेली असेल, म्हणून विचारलं, "दर्शनी टाकीवर गेली का?"

"नाय. आत हाय."

मी थोडा वेळ बसलो. पागोळ्या गळत होत्या. सूप वाजत नव्हतं. पाखडायचे तांदूळ ती न पाखडता हातानेच निवडत होती, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

रस्त्यावरून ठकूबाई आली. आल्या आल्या नेहमीच्या आवाजात सुरुवात केली, "अगो रंगे, तुज्या कोंबड्या माज्या..."

रंगूबाईने हात वर केला.

"हळू गो. पोर निजलीय."

ठकूबाई थांबली. आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. ठकूबाई कुजबुजते तेव्हा कशी दिसते ते मला माहीत नव्हतं. ती वाकून, तोंडाशी पदर धरून म्हणाली, "अजून? दुपार व्हायला आली की."

"मग?" रंगूबाई म्हणाली. "माहेरी आलीय. निजू दे."

कित्येक वर्षं रोज पहाटे "उठ गो" म्हणणारी ती बाई सूप बाजूला ठेवून उठली. दाराशी गेली. कवाडाच्या फटीतून आत ऊन-पावसाचा उजेड पडत होता, तो अंथरुणापर्यंत जात होता. तिने कवाड आवाज न करता पुढे ओढलं आणि त्याला पाठ लावून उंबऱ्यावर बसली.